अदृश्य किरणांचे मोजमाप : रॉल्फ सीव्हर्ट

झाडावरून पडून हात मोडला, तर डॉक्टर आधी काय सांगतात? एक्स-रे काढून आणा, असे सांगतात. तुम्ही एक्स-रेच्या खोलीत जाता. दार बंद होते. यंत्र चालवणारा माणूस आडोशामागे उभा राहतो. बटण दाबल्याचा आवाज येतो आणि काम संपते. तुम्हांला दुखत नाही, काही दिसत नाही, उबदारही वाटत नाही. तरीसुद्धा तेवढ्या क्षणात तुमच्या हातातून किरण आरपार गेलेले असतात. ते किती गेले? जे डोळ्यांना दिसत नाही आणि कातडीला कळत नाही, ते मोजायचे कसे?

हा प्रश्न ज्यांनी जन्मभर सोडला नाही, त्या शास्त्रज्ञाची ही हकीकत आहे. त्यांचे नाव रॉल्फ मॅक्सिमिलियन सीव्हर्ट. देश स्वीडन.

या किरणांना मराठीत क्ष-किरण म्हणतात. मराठी बीजगणितात ज्या राशीची किंमत माहीत नसते तिला 'क्ष' म्हणतात, तोच हा क्ष. तुमच्या उर्दूत यांनाच 'लाशुआ' असा शब्द आहे. जर्मनीतील प्राध्यापक विल्हेल्म राँटजेन यांना 1895 च्या नोव्हेंबर महिन्यात हे किरण सापडले, तेव्हा ते काय आहेत हे त्यांनाही नीट कळले नव्हते. म्हणून त्यांनी हे अज्ञाताचे नाव दिले. त्यानंतर सहाच महिन्यांनी, 6 मे 1896 रोजी, स्टॉकहोम शहरात रॉल्फ सीव्हर्ट यांचा जन्म झाला. म्हणजे क्ष-किरण आणि सीव्हर्ट जवळजवळ बरोबरीचेच!

रॉल्फ लहानाचे मोठे होत होते, त्या काळात हे किरण जगभर पसरले. कातडी न कापता आतले हाड दिसते, या नवलाने लोक थक्क झाले होते. डॉक्टर स्वतःचा हात यंत्रासमोर धरून यंत्र नीट चालते की नाही ते पाहत. रोज पाहत, दिवसातून अनेकदा पाहत. काही वर्षांनी त्यांच्या हातांची कातडी फाटू लागली, जखमा भरेनात, बोटे कापावी लागली. अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे क्लॅरेन्स डॅली हे 1904 साली याच कारणाने मरण पावले. पुढे 1936 मध्ये जर्मनीच्या हँबर्ग शहरात एका रुग्णालयाच्या आवारात एक स्मारक उभारले गेले. क्ष-किरण आणि रेडियम यांचे काम करताना ज्यांनी प्राण गमावले, अशा अनेकांची नावे त्यावर कोरली होती. ती माणसे बेफिकीर नव्हती. किती किरण घेतले म्हणजे फार झाले, हे सांगणारे मापच तेव्हा कुणाजवळ नव्हते.

सीव्हर्ट यांचे वडील मॅक्स सीव्हर्ट हे मूळचे जर्मन. ते 1881 साली स्वीडनमध्ये आले आणि व्यापारात खूप यशस्वी झाले. त्यांनी ब्लो लॅम्प देशोदेशी विकले आणि स्टॉकहोमजवळ विजेच्या तारांचा मोठा कारखाना काढला. 1913 मध्ये वडील वारले तेव्हा रॉल्फ सतरा वर्षांचे होते. घरी पैशाची कमतरता नव्हती. त्यांनी कारखान्याच्या गादीवर बसायचे ठरवले असते, तर कुणाला आश्चर्य वाटले नसते. पण त्यांचा ओढा अभ्यासाकडे होता. वैद्यकशास्त्र, तंत्रशास्त्र असे करत ते शेवटी उप्साला विद्यापीठात भौतिकशास्त्राकडे वळले आणि 1919 मध्ये पदवीधर झाले.

स्टॉकहोममध्ये 'रेडियमहेमेट' नावाचे कर्करोगाचे रुग्णालय होते. तिथे रेडियमने आणि क्ष-किरणांनी रोग्यांवर उपचार होत. डॉ. यस्टा फोर्सेल हे त्याचे प्रमुख होते. 1920 नंतर तरुण सीव्हर्ट या रुग्णालयात काम करू लागले. त्या काळी रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञाचे काय काम, असेच कुणीही विचारले असते. सुरुवातीच्या काळात सीव्हर्ट यांनी आपल्या कामासाठी घरचा पैसाही वापरला. मला तर वाटते, वारशाने मिळालेल्या संपत्तीचा याहून चांगला उपयोग शोधूनही सापडला नसता. 1924 पासून ते तिथल्या भौतिक प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

तिथे त्यांनी काय पाहिले? किरण मोजण्याची रीत अगदी ओबडधोबड होती. किरण टाकल्यावर काही दिवसांनी कातडी लाल झाली, तर तेवढी एक मात्रा झाली, असे धरत. मात्रा म्हणजे डॉक्टर ज्याला डोस म्हणतात ते. पण एकाची कातडी लवकर लाल होते, दुसऱ्याची उशिरा. शिवाय लाली दिसेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. कापड मोजायला मीटरपट्टी हवी, दूध मोजायला लिटरचे माप हवे, आणि इथे माणसाची कातडीच माप बनली होती.

सीव्हर्ट यांनी एक लहानशी डबी तयार केली. तिची कल्पना तुम्हांला सहज समजेल. डबीत थोडी हवा असते. डबीला आधी ठरावीक विद्युतप्रभार द्यायचा, म्हणजे तिच्यात थोडी वीज साठवून ठेवायची. कोरड्या हवेतून वीज जात नाही, म्हणून तो प्रभार तसाच टिकून राहतो. आता डबीवर क्ष-किरण पडले की हवेतील काही अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हवेत आयन तयार होतात आणि त्यांच्यामुळे साठवलेला प्रभार कमी होऊ लागतो. किरण जितके जास्त, तितका प्रभार जास्त घटतो. शेवटी डबी काढून किती प्रभार उरला ते यंत्रावर पाहायचे. सुरुवातीचा प्रभार वजा उरलेला प्रभार, झाला हिशेब! ही डबी इतकी लहान होती, की ती रोग्याच्या अंगावर हव्या त्या जागी ठेवता येई. तिला पुढे 'सीव्हर्ट कक्ष' हे नाव मिळाले.

माप हाती आल्यावर दुसरा प्रश्न आला. यंत्राजवळ रोज काम करणाऱ्या माणसाने वर्षभरात किती किरण घेतले तर चालेल? 1925 मध्ये सीव्हर्ट यांनी सुचवले की कातडी लाल करणाऱ्या मात्रेचा दहावा भाग वर्षभरात मिळाला, तर तेवढा चालेल. त्याच वर्षी अमेरिकेत मुट्शेलर नावाच्या शास्त्रज्ञाने वेगळ्या मार्गाने विचार करून महिन्याला शंभरावा भाग असे सांगितले. वहीत गणित करून पाहा. महिन्याला शंभरावा भाग, म्हणजे बारा महिन्यांत शंभरातील बारा भाग. सीव्हर्ट यांचा दहावा भाग म्हणजे शंभरातील दहा. दोन देशांत बसलेल्या दोन माणसांची उत्तरे किती जवळ आली! आज या मर्यादा फार जास्त वाटतात आणि त्या पुढे अनेकदा खाली आणल्या गेल्या. पण आकड्यात बोलण्याची सुरुवात तिथून झाली.

1928 साली जगातील क्ष-किरणतज्ज्ञांची परिषद स्टॉकहोम येथेच भरली. तिथे मोजमापासाठी 'राँटजेन' हे एकक सर्व देशांनी मान्य केले आणि किरणांपासून संरक्षणाचे नियम करण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली. सीव्हर्ट तिचे सभासद झाले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते आणि त्यांना डॉक्टरेटची पदवीही मिळालेली नव्हती. ती 1932 मध्ये मिळाली.

ते केवळ प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. त्यांचे लोक मापकयंत्रे घेऊन स्वीडनमधील रुग्णालयांत जात, तिथली क्ष-किरण यंत्रे तपासत आणि एका रुग्णालयातील मात्रा दुसऱ्या रुग्णालयातील मात्रेशी जुळते की नाही ते पाहत. बाजारात वजनमापांची तपासणी करणारे अधिकारी येतात ना, तसेच हे काम. 1941 मध्ये स्वीडनने किरणांपासून संरक्षणाचा कायदा केला. त्याच वर्षी सीव्हर्ट कॅरोलिन्स्का संस्थेत किरणभौतिकीचे प्राध्यापक झाले.

यानंतरच्या काळात त्यांचे लक्ष मोठ्या मात्रांकडून लहान मात्रांकडे वळले. इथे त्यांचे वेगळेपण दिसते. जिथे जखम होते तिथे सगळ्यांचेच लक्ष जाते. सीव्हर्ट तिथे पाहू लागले जिथे काहीच होताना दिसत नाही. जमिनीतून, दगडांतून, आकाशातून आपल्यावर सतत थोडे थोडे किरण येत असतात. एवढेच नव्हे, तुमच्या माझ्या शरीरातूनही ते निघतात! आपण केळी, बटाटे, डाळी खातो. त्यांत पोटॅशियम असते आणि पोटॅशियमचा अगदी लहानसा भाग किरणोत्सारी असतो. सीव्हर्ट यांनी दाबाखाली वायू भरलेले मोठे, अतिशय नाजूक कक्ष तयार करून माणसाच्या शरीरातून निघणारे हे किरण मोजले आणि 1951 मध्ये ती मोजमापे प्रसिद्ध केली. घाबरू नका. पोटॅशियमशिवाय आपले हृदय चालणार नाही आणि हे किरण माणूस जन्मल्यापासून त्याच्याबरोबर आहेत.

त्या दशकात मोठ्या देशांच्या अणुबाँबच्या चाचण्या चालू होत्या. त्यांची धूळ सगळ्या जगावर पडत होती. म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने 1955 मध्ये किरणांच्या परिणामांचा अभ्यास करणारी समिती स्थापन केली. सीव्हर्ट यांनी काही काळ तिचे अध्यक्षपद सांभाळले. 1928 सालची ती जुनी संरक्षण समितीही आता नव्या नावाने काम करत होती. तिचे अध्यक्षपद 1956 ते 1962 या काळात त्यांच्याकडे होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीने 1958 च्या आपल्या पहिल्या मोठ्या अहवालात बाँबच्या धुळीबरोबर डॉक्टरांच्या क्ष-किरणांचाही हिशेब मांडला.

हा हिशेब मांडायची गरज का होती? कारण तोपर्यंत क्ष-किरणांकडे लोक खेळण्यासारखे पाहू लागले होते. युरोप-अमेरिकेतील बुटांच्या दुकानांत एक पेटी ठेवलेली असे. मुलाने नवा बूट घालून पाय पेटीत घालायचा आणि वरून वाकून पाहायचे, की बुटात आपली बोटे दिसतात! क्ष-किरणांचाच हा खेळ. मुले गंमत म्हणून पुन्हा पुन्हा पाय घालत. पुढे एकेका देशाने या पेट्या बंद केल्या. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथील डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांना प्रश्न विचारून माहिती जमवली. 1956 मध्ये आणि पुन्हा 1958 मध्ये त्यांनी दाखवून दिले, की मूल पोटात असताना ज्या आयांचे क्ष-किरण चित्र काढले होते, त्यांच्या मुलांत हा रोग जवळजवळ दुपटीने दिसतो. अनेक डॉक्टरांना हे पटले नाही. एवढ्याशा मात्रेने काय होणार, असे ते म्हणत. त्यांना पटायला बरीच वर्षे लागली. आज एक्स-रेच्या खोलीबाहेर गरोदर स्त्रियांसाठी सूचना लावलेली असते, ती तुम्ही वाचली असेल.

आता नीट लक्ष द्या, कारण मुलांचा प्रश्न मोठ्यांसारखा नसतो. लहान मुलाच्या शरीरातील पेशी भराभर वाढत असतात आणि वाढणाऱ्या पेशींना किरणांचा त्रास जास्त होतो. मुलाचे आयुष्यही पुढे लांब असते. कर्करोग वीस-तीस वर्षांनी उद्भवणार असेल, तर तेवढी वर्षे मुलाजवळ असतात. तिसरे कारण गणिताचे आहे. क्ष-किरण चित्राच्या वेळी मांसातून जाताना किरण दर तीन-चार सेंटिमीटरला साधारण निम्मे होतात. मोठ्या माणसाचे पोट मुलाच्या पोटापेक्षा बारा सेंटिमीटर जाड आहे असे धरा आणि चार सेंटिमीटरला निम्मे असा हिशेब करा. तीनदा निम्मे, म्हणजे आठवा भाग. मग मोठ्याच्या चित्राला जितके किरण लागतात, त्याच्या आठव्या भागातच मुलाचे चित्र निघेल. पण यंत्र चालवणाऱ्याने मोठ्यांसाठी लावलेला काटा तसाच ठेवला तर? चित्र कदाचित निघेल, पण मुलाच्या अंगात आठपट किरण विनाकारण जातील आणि कुणाला कळणारही नाही.

म्हणून मुलाला किती किरण मिळाले ते मोजायला हवे. सीव्हर्ट यांच्यासारखी डबी छातीच्या कातडीवर ठेवली, तर कातडीवरची मात्रा कळते. पण काळजी आतल्या अवयवांची असते. फुप्फुस, गळ्यातील थायरॉइड ग्रंथी, हाडातील मज्जा, यांना किती मिळाले? जिवंत मुलाच्या हाडात डबी कशी ठेवणार?

यावर शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. मुलाच्या जागी बाहुला ठेवायचा! याला 'फँटम' म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ भूत असाही आहे, पण हे भूत अगदी निरुपद्रवी आहे. आपल्या शरीराचा मोठा भाग पाण्याचा असल्यामुळे सुरुवातीला पाण्याची टाकी हाच फँटम असे. पाण्यात किरण जवळजवळ मांसात अडतात तितकेच अडतात. मेण आणि दाबून घट्ट केलेले लाकूडही वापरत. पुढे प्लास्टिकचे माणसासारखे फँटम आले. त्यात हाडाच्या जागी हाडासारखा जड पदार्थ आणि फुप्फुसाच्या जागी हलका पदार्थ भरतात. पावाच्या कापांसारख्या त्याच्या चकत्या निघतात आणि चकत्यांना बारीक छिद्रे असतात. छिद्रांत लहान मापके ठेवायची, चकत्या पुन्हा जुळवायच्या, बाहुल्याला यंत्राखाली झोपवायचे आणि खऱ्या मुलाचे काढतात तसेच चित्र काढायचे. नंतर एकेक मापक काढून वाचायचे. फुप्फुसाला किती, थायरॉइडला किती, मज्जेला किती, ते समजते. बाहुल्याचे चित्र शंभर वेळा काढले तरी त्याला काही होत नाही.

पण बाहुला मोठ्या माणसाचा असेल तर उत्तर चुकते. पाच वर्षांचे मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. कवटीच्या हाडांत मज्जा जास्त असते. गळा आखूड असल्यामुळे छातीचे चित्र काढताना थायरॉइड सहज किरणांत सापडते. पोटातले अवयव एकमेकांच्या अगदी जवळ असतात. म्हणून प्रत्येक वयाचा वेगळा फँटम लागतो. आपल्या आईने सहा वर्षांच्या भावासाठी अब्बांचा कुडता फक्त खालून कापून दिला, तर तो अंगाला बसेल का? बाह्या, गळा, खांदे, सगळेच माप वेगळे घ्यावे लागते.

रॉल्फ सीव्हर्ट 1965 मध्ये निवृत्त झाले आणि 3 ऑक्टोबर 1966 रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. ते सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर तेरा वर्षांनी, 1979 मध्ये, वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने किरणांमुळे माणसाला किती धोका पोहोचतो ते सांगणाऱ्या एककाला 'सीव्हर्ट' हे नाव दिले. न्यूटन, पास्कल, व्होल्ट ही एकके तुम्ही विज्ञानात शिकता. त्यांच्याच पंक्तीत हे नाव बसले. एक सीव्हर्ट म्हणजे फार मोठी मात्रा. म्हणून रोजच्या कामात त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसीव्हर्ट वापरतात. जमीन, हवा, आकाश आणि अन्न यांपासून जगातील माणसाला वर्षाला सरासरी सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात. नीट काढलेल्या छातीच्या एका साध्या चित्रातून एका मिलिसीव्हर्टच्या दहाव्या भागाहूनही कमी मिळते. तेव्हा डॉक्टरांनी गरज आहे म्हणून सांगितलेला एक्स-रे भीतीने टाळणे शहाणपणाचे नाही. मोडलेले हाड वाकडे जुळले तर त्याचा त्रास जन्मभर होतो. सीटी स्कॅनचा डोस मात्र साध्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त असतो. तिथे मुलासाठी यंत्र वेगळे लावले आहे ना, हे घरच्यांनी विचारायला हरकत नाही.

सीव्हर्ट ज्या आंतरराष्ट्रीय संरक्षण समितीचे अध्यक्ष होते, ती आजही काम करते. 2020 मध्ये तिने मुलांचे दहा फँटम प्रसिद्ध केले. हे हाताने उचलण्याचे बाहुले नाहीत. ते संगणकात बनवलेले आहेत आणि त्यांच्यात एकेक अवयव बारकाईने मांडला आहे. नुकतेच जन्मलेले मूल, एक वर्षाचे, पाच वर्षांचे, दहा वर्षांचे आणि पंधरा वर्षांचे, अशा प्रत्येक वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे वजन त्यांत साडेतीन किलो धरले आहे, पाच वर्षांच्या मुलाचे 19 किलो आणि दहा वर्षांच्या मुलाचे 32 किलो. संगणकात त्यांच्यावर किरण सोडतात आणि कोणत्या अवयवात किती अडकले, ते मोजतात.